अर्ध्या तासाने बंद, पंधरा मिनिटांनी चालू: ट्रेलच्या गाडीचं हे दुखणं कसं पकडायचं

पावसाळा सरत आला की इंदूरच्या आपल्या रायडर मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी सकाळी पहिल्या बटणाला चालू होते. तेजाजी नगरचा चौक ओलांडेपर्यंत कुठे काही नाही. सिमरोल मागे पडतं, भेरूघाटाची वळणं लागतात आणि गाडी दम सोडते. बाजूला घ्या, हेल्मेट काढा, चहा मिळाला तर घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालू होते, आणि चोरलच्या अलीकडे पुन्हा बसते.

रस्ता आणि माती दोन्हीकडे चालणाऱ्या हलक्या मोटरसायकलींना, म्हणजे ट्रेलच्या गाड्यांना, हे दुखणं शहरातल्या गाड्यांपेक्षा लवकर जडतं. दोष बहुतेक वेळा गाडीच्या रचनेत नसतो, वापरात असतो. आपण तिला आडवी पाडतो, चोरल नदीच्या पाण्यातून काढतो, माळव्याच्या काळ्या मातीत रुतवतो आणि घरी आलं की प्रेशर गनने नको तिथे पाणी मारतो. ही माती ओली असताना चिकटते नि वाळली की सिमेंटसारखी बसते. एखाद्या नळीच्या तोंडात बसली तर बाहेरून पत्ताही लागत नाही.

यापुढची गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. गाडी टोचन करून गॅरेजमध्ये जाते. मिस्त्री बटण दाबतो, चालू होते. एक चक्कर मारून येतो, "भिया, गाडी तो मस्त चल री है" म्हणतो, आणि तुमचा आग्रह म्हणून प्लग बदलतो. पुढच्या रविवारी तेच. मग ठिणगी तयार करणारी कॉइल, मग बॅटरी, एफआय (फ्युएल इंजेक्शन) असेल तर पंप. बिल वाढत जातं, दुखणं जागच्या जागी. यात मिस्त्रीची लबाडी असतेच असं नाही. चालू गाडीत तो शोधणार तरी काय? हा आजार गाडी बंद असतानाच दिसतो, आणि ती बंद असते त्या पंधरा मिनिटांत, घाटात, तुमच्यासमोर. तेव्हा तपासणी तिथेच आणि तुम्हीच करायची. पार्ट नंतर.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते पक्कं करा. २०११ साली आलेल्या हिरोच्या इम्पल्ससारख्या गाडीत कार्ब्युरेटर आहे. तिथे पेट्रोल टाकीतून निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस६ मानक लागू झालं आणि या वर्गातल्या नव्या गाड्या एफआयवर गेल्या. त्यांच्यात टाकीतला पंप पेट्रोल दाबाने ढकलतो. लक्षण एकच असलं तरी दोघींची तपासणी एकसारखी करून चालत नाही.

आता गाडी बंद पडतानाचे ते दोन-चार सेकंद. सगळ्यात जास्त माहिती तिथे असते आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. गाडी अडखळली का, थ्रॉटल दिला तरी ओढेना, दोन-तीन आचके देऊन मग मेली? तर पेट्रोल कमी पडतंय. की किल्ली फिरवावी तशी एका क्षणात गप्प झाली? तर करंट तुटतोय. गाडी गिअरमध्ये पळत असताना टॅकोमीटरचा काटा झटकन शून्यावर पडला तर संशय पिकप कॉइलवर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा सेन्सर) किंवा तिच्या वायरवर घ्यायचा, कारण इंजिन तेव्हाही चाकांमुळे फिरतच असतं, फक्त मीटरला ते कळेनासं होतं. आणि अख्खा मीटरच काळा झाला तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा किल्लीचा स्विच. एवढ्यावरून निम्मं काम होतं.

पेट्रोलकडे बोट गेलं असेल तर पहिला संशयित म्हणजे टाकीची हवा. फुकटात तपासता येतो, म्हणूनही पहिला.

टाकीतून पेट्रोल जितकं खाली जातं तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं किंवा झाकणाच्या कडेतून एक नळी खाली चेसिसपाशी उतरते. ती वाट बुजली की टाकीत निर्वात तयार व्हायला लागतो. किती निर्वात पुरतो, त्याचा कागदावर हिशेब करून बघा. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरपेक्षा साधारण पंचवीस सेंटीमीटर वर असतं. एवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब हा हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दोन टक्क्यांनी घसरला की पेट्रोल उतरायचं थांबलं. टाकी फुल असेल आणि वर अर्धा लिटर हवा असेल, तर हे व्हायला दहा मिली पेट्रोल खर्च झालं तरी बास. लिटरला चाळीस किलोमीटर देणारी गाडी दहा मिली चारशे मीटरमध्ये पिते! प्रत्यक्षात भोक पूर्ण बुजलेलं नसतं, पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, साठा असतो, म्हणून अर्धा तास निभावतं. थांबलात की हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी पुन्हा तयार.

यातूनच एक खूण मिळते. टाकी फुल करून निघालात की गाडी लवकर बंद पडते आणि अर्ध्या टाकीवर उशिरा, असं होत असेल तर दुसरीकडे शोधण्याआधी झाकण बघा. फुल टाकीत वर हवा कमी असते, त्यामुळे दाब लवकर पडतो.

महूहून मंडलेश्वरकडे उतरताना जाम दरवाजाच्या खाली आमच्यातल्या एकाची जुनी कार्ब्युरेटरवाली अशीच बसली. तो लगेच टूल किट सोडायला लागला.

"प्लगच गेला असणार, दादा. परवाच टाकलाय, डुप्लिकेट निघाला."

"प्लग राहू दे. किल्ली दे इकडे."

झाकणात किल्ली फिरवली तशी आत हवा ओढल्याचा लांब आवाज आला, सूंऽऽ करून, चांगला दोन सेकंद. झाकण पुन्हा लावलं, थोडं थांबून बटण दाबलं, गाडी चालू. मग नळी शोधली. ती टाकीखालून येऊन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) वर, मागच्या चाकाच्या उडणाऱ्या चिखलासमोरच संपत होती. तोंडाशी सगळं स्वच्छ. तार घातली तर बोटभर आत काळ्या मातीचा घट्ट बुचका, आणि त्याच्या मागे बारीक कोरडी माती. हे काम चिखलाचंच असतं असंही नाही. गाडी महिनाभर उभी राहिली की कुंभारमाशी अशा नळ्यांत घर करते, आणि तिचं बांधकाम आपल्या चिखलापेक्षा पक्कं असतं.

उपाय साधा आहे. नळी दोन्ही टोकांनी काढा, पंपाने हवा मारा, झाकणातला व्हॉल्व्ह पेट्रोलने धुऊन तोंडाने फुंकून बघा. परत बसवताना नळीचं टोक चाकासमोरून हलवून चेसिसच्या आतल्या बाजूला घ्या आणि तिरपं कापा, म्हणजे चिखलाचा एक थेंब अख्खं तोंड बंद करू शकत नाही. मी नळीला मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) जोडून तिचं दुसरं टोक सीटखाली वर नेतो. इंदूरच्या सियागंज बाजारात अशा नळ्या आणि क्लिपा चिल्लर किमतीत मिळतात. नळी पेट्रोलसाठीचीच घ्या. साधी पारदर्शक नळी वर्षभरात कडक होऊन तडकते. झाकण सैल ठेवून फिरणारेही पाहिलेत. मातीत गाडी आडवी झाली की गरम इंजिनवर पेट्रोल सांडणार, एवढा विचार करा आणि तो उद्योग सोडा.

एफआय गाडीत हे प्रकरण जरा फसवं आहे. पंप अडीच-तीन बारचा दाब काढतो, त्यामुळे थोड्या निर्वाताला तो जुमानत नाही. पण दाब घसरत गेला, त्यात पेट्रोल तापलेलं असलं, की पंपाच्या तोंडाशीच वाफेचे बुडबुडे होतात. पंप चिरका आवाज काढायला लागतो, चढावर ताकद पडते, मग गाडी बंद. अशा वेळी पंप बदलून घेतलेले लोक आहेत. नवा पंप काही दिवस बरा चालतो, कारण त्या निमित्ताने टाकी उघडलेली असते आणि नळ्या हललेल्या असतात.

नव्या गाड्यांत ही हवेची वाट कॅनिस्टरमधून जाते. कॅनिस्टर म्हणजे कोळसा भरलेला डबा. टाकीतली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना तिकडे सोडतो. हा डबा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही, आणि आपली सवय गळ्यापर्यंत पेट्रोल भरण्याची. पंपावरचा पोऱ्या नोझल थांबल्यावरही दोनदा टिचक्या मारून रक्कम गोल करतो, आपणही मान डोलावतो. मग गाडी उन्हात उभी राहते. पेट्रोल एका अंशाला हजारात एक भाग या हिशेबाने फुगतं. तेरा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर पाव लिटर वाढलं. ते जाणार कुठे? नळीने कॅनिस्टरमध्ये. कोळसा भिजला की हवेची वाट कोंडली. ट्रेलवर गाडी आडवी पडून राहिली की तेच होऊ शकतं. मधला व्हॉल्व्ह ते अडवायला असतो, पण त्यात माती गेली की तो नीट बसत नाही. कॅनिस्टरजवळ पेट्रोलचा उग्र वास येत असेल, डबा हाताला जड लागत असेल, तर तो बदलायचा. उन्हात वाळवून किंवा, देव न करो, शेगडीजवळ धरून तो सुधारत नाही. आणि पेट्रोल भरताना मानेच्या खालच्या कडेपर्यंतच भरायचं, तिथल्या पोऱ्याला काय वाटेल ते वाटो.

झाकण उघडून आवाज आला नाही आणि गाडीही चालू झाली नाही, तर कार्ब्युरेटरवाल्यांनी बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून खालच्या नळीतून येणारं पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरावं. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवून मिनिटभर बघा. धार सुरुवातीला चांगली आणि मग बारीक होत गेली तर कॉकची जाळी किंवा फिल्टर तुंबलाय. धार एकसारखी असेल तर पेट्रोलचा रस्ता मोकळा आहे. त्याच बाटलीत तळाला वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून तळाशी बसतात, नेमके जिथून इंजिनला पेट्रोल जातं तिथे. पावसाळाभर उभी असलेल्या गाडीची टाकी म्हणूनच एकदा पूर्ण रिकामी करावी. पाण्यातून गाडी काढताना मधोमध बंद पडत असेल तर तो वेगळा मुद्दा. कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्या पाण्याखाली जातात, बाउलला हवा मिळत नाही. त्यांनाही टी लावून एक टोक वर न्यायचं.

आता करंट. इथे माझा पहिला संशय साइड स्टँडच्या स्विचवर असतो, आणि तो क्वचितच वाया जातो. गाडीवरचा हा सगळ्यात खालचा इलेक्ट्रिक पार्ट. दगड त्याला लागतात, चिखल त्याच्यावर साचतो, प्रेशर गनचं पाणी थेट त्याच्यात जातं. स्टँड वर असूनही स्विचला तो खाली वाटला की इंजिन गप्प. बसका धक्का बसला की बंद आणि पुढच्या धक्क्याला चालू, असं असेल तर हाच. पण गरम झाल्यावरही तो असा वागतो, कारण आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कॉन्टॅक्टवर बसते. तपासणी सोपी. गाडी न्यूट्रलमध्ये असताना चालू होते आणि पहिला टाकला की बंद पडते का बघा. मग स्टँड हाताने चार-पाच वेळा जोरात वर-खाली करा, वायर हलवून बघा. घरी आल्यावर स्विच खोला, पाण्याने नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या, जोडाच्या प्लास्टिक कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. वायरी तोडून एकमेकींना जोडायचा सल्ला सर्रास मिळतो. काही गाड्यांत जोडल्यावर काम होतं, काहींत उलटं, तोडून ठेवावी लागते. आणि ट्रेलवर स्टँड खाली राहिला तर वळणावर तो जमिनीत रुतून गाडी फेकतो. घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक.

गाडी पडून उचलल्यावर चालू होत नसेल तर घाबरू नका. एफआय गाडीत कलंडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, तो इंजिन बंद करतो. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्या मोकळ्या होतात. आणि किल स्विच! पडताना हाताने दाबला गेलेला असतो, आणि भोवती जमलेले सगळे जण प्लगवर चर्चा करत असतात.

एफआयवाल्यांनी किल्ली चालू केल्यावर टाकीला कान लावायचा. दोन-तीन सेकंद घूंऽ असा पंपाचा आवाज यायलाच हवा. नाही आला तर फ्यूज, रिले, पंपाचा कनेक्टर या क्रमाने. आला, तर पंपाला करंट मिळतोय एवढं नक्की.

स्पार्क बघायचा तर आधी टाकीचं झाकण बंद, सांडलेलं पेट्रोल पुसलेलं. जवळचा जादा प्लग कॅपमध्ये खोचा, त्याची धातूची बाजू हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि बटण दाबा. हात रबराच्या कॅपवरच. थंड असताना निळी कडक ठिणगी आणि बंद पडल्यावर ठिणगीच नाही, हे दोन्ही जुळलं तर कॉइल किंवा पिकप कॉइल. कॉइलच्या आतली तार कुठेतरी तुटायला आलेली असते. तापली की फाकते, निवली की टेकते. इग्निशन कॉइल टाकीखाली हाताशी असेल तर ओलं फडकं पिळून तिच्यावर ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत ठिणगी परत आली तर गुन्हेगार सापडला. तापलेल्या सिलिंडरवर मात्र पाणी नको. पिकप कॉइल मॅग्नेटच्या कव्हरमध्ये, तिथे फडकं पोचत नाही. तिथे मल्टीमीटर लागतो.

मल्टीमीटर काढलाच आहे तर बॅटरीही बघा. निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन तीन-चार हजारांवर असताना १३.८ ते १४.५. पंधराच्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा रेक्टिफायर गेला. तेराच्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही, आणि दोन-तीन तासांनी एफआय गाडी हमखास बसणार.

हे सगळं ठीक निघालं, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गरम गाडी चालू होत नाही, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली बारीक फट (गॅप). एअर कूल्ड गाडीत वापराबरोबर व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. गॅप संपला की तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. आधी आयडलिंग खाली-वर व्हायला लागतं, सिग्नलला गाडी बंद पडते, मग गरम असताना बटण दाबल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भराभर फिरतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक खूश असतात. अशा गाडीच्या बाबतीत मला तीच काळजीची गोष्ट वाटते. गॅप मोजायचा तो इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी गाडी सकाळी, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी), आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नये.

निमाडात उतरणाऱ्यांसाठी एक पुरवणी. मे महिन्यात जाम घाट उतरून मंडलेश्वर-महेश्वरच्या पट्ट्यात आलात की पारा चव्वेचाळीसच्या पुढेही जातो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोलची नळी सिलिंडरच्या फिन्सला चिकटून जात असेल तर नळीतच वाफ होते. नळी फिन्सपासून दोन बोटं दूर घ्या. इथे खराब झालेला पार्ट नसतोच, त्यामुळे काहीही बदलून उपयोग होत नाही.

गॅरेजमध्ये जाताना बंद पडण्याची पद्धत, झाकणाचा आवाज, पंपाचा आवाज, ठिणगी आणि टाकीत पेट्रोल किती होतं, एवढं मोबाईलमध्ये लिहून न्या. कॉइल तपासून घ्यायची असेल तर मिस्त्रीला गाडी आधी अर्धा तास चालवायला सांगा आणि ती बंद पडल्याबरोबर तिथेच मोजायला सांगा. थंड कॉइलचं रीडिंग या दुखण्यात बहुतेक वेळा बरोबरच येतं.